मार खाऊन हसवणारे तिघे : 'प्रोजेक्ट ए' आणि एका गुरूचे तीन शिष्य

कुंग फू चित्रपटांचा विषय निघाला की आपल्याकडे पटकन दोन नावं घेतली जातात. एक ब्रूस ली आणि दुसरा जॅकी चॅन. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'दोघांत भारी कोण?' त्यावर कॅन्टीनमध्ये तासभर वाद घालता येतो. पण या दोघांची पडद्यावरची जात मुळात वेगळी आहे, हे त्या वादात राहून जातं. ब्रूस ली मारतो, आणि त्याला लागलं तरी त्याच्या डोळ्यांत आग दिसते. जॅकी चॅनही मारतो, पण त्याआधी आणि त्यानंतर भरपूर खातो. मारल्यावर हात झटकतो, 'आई गं' म्हणतो, पळतो, लपतो, परत येतो. एक वीर आहे आणि दुसरा वीराच्या कपड्यातला विदूषक.

हा विदूषक आला कुठून, हे समजून घ्यायला १९८३ सालचा एक चित्रपट फार उपयोगी आहे. त्याचं नाव 'प्रोजेक्ट ए'. गोल्डन हार्वेस्ट या कंपनीचा हा चित्रपट हाँगकाँगमध्ये डिसेंबर १९८३ मध्ये लागला. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका जॅकी चॅनची. सोबत सॅमो हुंग आणि युएन बियाओ. हे तिघे निव्वळ सहकलाकार नव्हते. लहानपणी एकाच गुरूच्या हाताखाली, एकाच छपराखाली, एकाच छडीचा मार खात वाढलेले गुरुबंधू होते. ही गोष्ट माहीत असली की चित्रपट हसवतो तसाच, पण सोबत पोटात काहीतरी हलवूनही जातो.

गोष्ट थोडक्यात

काळ इंग्रजांच्या राजवटीतल्या जुन्या हाँगकाँगचा. आसपासच्या समुद्रात चाच्यांनी उच्छाद मांडलाय. त्यांना आवरण्याचं काम सागरी पोलिसांकडे आहे, आणि त्या तुकडीतला सार्जंट म्हणजे ड्रॅगन मा, अर्थात जॅकी चॅन. जमिनीवरचे पोलीस आणि हे सागरी पोलीस यांचं अजिबात पटत नाही. एकाच दारूच्या गुत्त्यात दोन्हीकडचे लोक येतात आणि तिथे जी हाणामारी होते, तिथून चित्रपट रंगात येतो.

पुढे सागरी पोलिसांची जहाजं स्फोटात उडवली जातात. जहाजच नाही तर तुकडी कशाला, म्हणून या खलाशांना जमिनीवरच्या पोलिसांत ढकललं जातं. तिथे त्यांना कवायत शिकवणारा कडक इन्स्पेक्टर असतो युएन बियाओ. कालपर्यंत ज्याच्याशी खुर्च्यांनी भांडलो, तोच आज साहेब! त्यात तिसरा येतो फेई नावाचा जुना ओळखीचा चोर, म्हणजे सॅमो हुंग. पोलिसांच्याच बंदुका चाच्यांना विकल्या जाताहेत आणि फेईला त्या मध्येच उडवायच्यात. शेवटी तिघेही चाच्यांच्या अड्ड्यावर पोचतात आणि त्यांच्या म्होरक्याशी भिडतात. ही भूमिका डिक वेई या नटाने केलीय. तो इतका जबर लढतो की तिघे मिळूनही त्याला पुरे पडत नाहीत.

कथा एवढीच. कथेसाठी हा चित्रपट कुणी बघत नाही. तो बघायचा तिघांच्या अंगासाठी.

गुरुगृह

हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन नावाचे एक गुरू होते. पेकिंग ऑपेरा शिकवणारी त्यांची शाळा होती, चायना ड्रामा अकॅडमी. 'ऑपेरा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त गाणं येतं. आपल्या संगीत नाटकासारखं यात गाणं आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. गाणं, बोलणं, अभिनय आणि लढणं ही चार अंगं ज्याला येतात तो या रंगभूमीवरचा पुरा नट. लढणं म्हणजे कोलांट्या, उड्या, भाले-तलवारींची फेक-झेल, आणि हे सगळं तालवाद्यांच्या ठेक्यावर.

हे अंगात मुरवायचं तर लहानपणीच सुरुवात हवी. म्हणून मुलं पाच-सात-नऊ वर्षांची असताना या शाळेत दाखल व्हायची. जॅकी चॅनचा जन्म ७ एप्रिल १९५४ चा. त्याचे वडील हाँगकाँगमधल्या फ्रेंच वकिलातीत स्वयंपाकी होते. पुढे त्यांना ऑस्ट्रेलियात काम मिळालं आणि मुलगा सुमारे सात वर्षांचा असताना दहा वर्षांच्या करारावर शाळेत राहिला. सॅमो हुंग १९५२ चा. त्याच्या घरात सिनेमा आधीपासून होता. आजी चिन त्सी-आंग ही जुन्या चिनी चित्रपटांत तलवारबाजी करणारी नटी, आजोबा दिग्दर्शक. युएन बियाओ १९५७ चा, पाच वर्षांचा असताना आलेला, तिघांत धाकटा.

शाळेत आल्यावर मुलांना नवं नाव मिळायचं, आणि त्यात गुरूच्या नावातला 'युएन' असायचा. जॅकी झाला युएन लो. सॅमो झाला युएन लुंग. धाकट्याने ते नाव पुढे सिनेमातही सोडलं नाही, म्हणून तो आजही युएन बियाओ. कोरी युएन, युएन वाह, युएन चिऊ ही हाँगकाँगच्या चित्रपटांत वारंवार दिसणारी नावं याच घरातली. ते एकमेकांचे नातलग नाहीत, एका गुरूचे शिष्य आहेत. आपल्याकडे घराण्याचं नाव लावतात, तसंच काहीसं.

शाळेतली निवडक मुलं 'सात छोटे भाग्यवान' या नावाने रंगमंचावर खेळ करायची. नाव भाग्यवान, दिवस मात्र तसे नव्हते. पहाटे उठायचं, तासन् तास ताणाचे व्यायाम, हातांवर उलटं उभं राहणं, आणि हात थरथरले की छडी. एकाने चूक केली तर कधी सगळ्यांना शिक्षा. खेळांचे पैसे गुरूकडे. वडिलांनी सही केलेल्या करारात मुलाला शिस्त लावताना त्याचा जीव गेला तरी गुरू जबाबदार नाही अशा अर्थाचं कलम होतं, असं चॅनने १९९८ च्या आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. सॅमो हा सर्वांत थोरला गुरुबंधू. गुरू नसताना धाकट्यांवर दादागिरी त्याची. पुढे चित्रपटसृष्टीत जॅकीला सगळे 'दादा' म्हणू लागले तेव्हा सॅमोला काय म्हणायचं हा प्रश्न आला. उत्तर निघालं 'दादांचा दादा'. हाँगकाँगमध्ये तो आजही त्याच नावाने ओळखला जातो.

रंगमंच गेला, विदूषक उरला

एवढं शिकून मुलं तयार झाली तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. त्यांच्या कलेला प्रेक्षकच उरला नाही. १९६० च्या दशकात हाँगकाँगचे लोक सिनेमाकडे वळले. पेकिंग ऑपेराची नाटकगृहं रिकामी पडू लागली. दहा वर्षं रक्त आटवून जे कमावलं, त्याला बाजारात किंमत नाही. आज एखादी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर 'आता हे कोण विचारतंय?' असं ज्यांना वाटतं, त्यांना ही स्थिती नीट कळेल.

या मुलांना काम मिळालं ते सिनेमातच, पण चेहरा न दाखवता. कुणाच्या तरी जागी जिन्यावरून पडायचं, कुणाच्या तरी लाथेने उडायचं. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त ब्रूस लीच्या सभोवती जे पडतात-उडतात, त्यांत जॅकी आहे. १९७३ च्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये सुरुवातीलाच ब्रूस ली ज्या जाडजूड पोराला लोळवतो, तो सॅमो. त्याच चित्रपटात ब्रूस लीच्या काही कोलांट्या खरं तर युएन वाहच्या आहेत. म्हणजे ब्रूस लीची कीर्ती उभी राहत होती तेव्हा खालचे दगड हेच होते.

पण या घराण्याने त्यांना फक्त कसरत दिली नव्हती. पेकिंग ऑपेरात पात्रांचे चार मोठे वर्ग असतात. पुरुष, स्त्री, रंगवलेल्या चेहऱ्याचे बलदंड पुरुष, आणि विदूषक. नाकाभोवती पांढरा रंग लावलेलं पात्र दिसलं की तो विदूषक. त्यातही एक खास जात आहे लढणाऱ्या विदूषकाची. तो चपळ असतो, उड्या मारतो, घाबरतो, फसवतो, आणि लढता लढता हसवतो.

'तीन वाटांचा नाका' अशा अर्थाच्या नावाचा एक प्रसिद्ध ऑपेरा-प्रवेश आहे. सराईत रात्री एक योद्धा झोपलाय. सराईवाल्याला त्याच्याबद्दल संशय येतो. दिवा विझतो आणि मिट्ट काळोखात दोघांची मारामारी सुरू होते. गंमत अशी की रंगमंचावर लख्ख उजेड असतो. काळोख फक्त नटांच्या अंगात. तलवार नाकासमोरून जाते पण 'दिसत' नाही. दोघे पाठीला पाठ लावून चाचपडतात, टेबलावर चढतात, एकमेकांना शोधताना एकमेकांना चुकवतात. प्रेक्षक श्वास रोखूनही बसतो आणि हसतोही. यातला सराईवाला म्हणजे लढणारा विदूषक.

हा प्रवेश एकदा समजून घेतला की 'प्रोजेक्ट ए'मधलं निम्मं कोडं सुटतं. मारामारी आणि विनोद ही दोन वेगळी कामं आहेत, आधी हाणामारी मग थोडी गंमत, असा हिशोब त्या परंपरेत नव्हताच. एकाच हालचालीत दोन्ही. कुंग फू विनोदपट हा हाँगकाँगच्या सिनेमाने लावलेला नवा शोध म्हणून सांगितला जातो, पण त्याची नाळ जुन्या रंगभूमीच्या विदूषकाशी जोडलेली आहे.

ब्रूस लीची सावली

२० जुलै १९७३ ला ब्रूस ली गेला आणि निर्मात्यांना दुसरा ब्रूस ली हवा झाला. जॅकीलाही त्याच साच्यात बसवण्याचा प्रयत्न झाला. १९७६ चा 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' हे त्याचं उदाहरण. रागीट चेहरा, सूड, गंभीर नजर. लोकांना ते पटलं नाही. नक्कल कितीही चांगली असली तरी मूळ लोकांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं.

१९७८ मध्ये दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याला वेगळं काही करू दिलं. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' हे दोन्ही चित्रपट त्याच वर्षीचे. दोन्हींत गुरूची भूमिका केली दिग्दर्शकाच्या वडिलांनी, युएन स्यू-तिएन यांनी. तेही ऑपेराच्या रंगभूमीवर घडलेले. 'ड्रंकन मास्टर'मधला जॅकी उनाड आहे, आळशी आहे, मार खातो, तालमीला कंटाळतो. प्रेक्षकांना हा पोरगा आपला वाटला. त्याच वर्षी सॅमोने 'एंटर द फॅट ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीचीच प्रेमळ नक्कल करून हसवलं. लठ्ठ अंगाचा माणूस विजेसारखा हलतो, यातच विनोद होता.

मग जॅकी हॉलिवूडला गेला. 'द कॅननबॉल रन' (१९८१) मध्ये छोटं काम केलं. तिथे त्याचं फार काही जमलं नाही, पण एक गोष्ट तो घेऊन आला. त्या चित्रपटाच्या शेवटी, नावं येताना, चुकलेली दृश्यं दाखवली होती. तिथे ती चुकलेले संवाद होती. जॅकीच्या चित्रपटांत ती चुकलेल्या उड्या झाल्या. इथे चूक म्हणजे रुग्णवाहिका.

मारामारीतून हसू कसं निघतं

'प्रोजेक्ट ए'मधले तीन प्रसंग नीट बघितले तरी हे तंत्र कळतं.

पहिला गुत्त्यातला. ड्रॅगन मा आणि इन्स्पेक्टर समोरासमोर येतात. एक जण दुसऱ्याच्या अंगावर खुर्ची फोडतो. दुसरा परतफेड करतो. दोघांच्याही चेहऱ्यावर रेघ हलत नाही. 'मला काही झालंच नाही' असा भाव. मग दोघे शांतपणे बाजूला होतात, खांबाआड जातात, आणि तिथे, कुणी बघत नाही असं वाटून, वेदनेने कळवळतात. चेहरे पिळवटतात. परत बाहेर येतात ते पुन्हा ताठ.

हसण्यासारखं यात काय आहे? आपण सगळे हेच करतो, म्हणून हसू येतं. वर्गात सरांनी सगळ्यांसमोर झापल्यावर आपण 'काही नाही रे' म्हणत बाहेर येतो आणि मग कुठेतरी कोपऱ्यात जातो. खुर्चीचा वार खरा, दुखणं खरं, आणि दुखत नसल्याचं नाटकही खरं. वीराचा मुखवटा आणि आतला माणूस यांच्यातली फट म्हणजे हा विनोद. ब्रूस लीच्या पात्रांत ही फट नाही. म्हणून तो आदर मिळवतो आणि हे आपुलकी मिळवतात.

दुसरा प्रसंग सायकलचा. गुंड मागे लागलेत आणि मा सायकलवरून अरुंद बोळांतून पळतोय. त्याच्याकडे शस्त्र नाही, सायकल आहे. मग तीच ढाल होते, तीच अडसर, तीच उडी मारायचं फळकूट. जॅकीच्या मारामारीचा हा पाया आहे. हातात येईल ती वस्तू आणि असेल ती जागा. शिडी, खुर्ची, दार, भिंत. वस्तूचा रोजचा उपयोग आपल्याला माहीत असतो, म्हणून तिचा भलता उपयोग दिसला की हसू येतं.

तिसरा प्रसंग घड्याळाच्या मनोऱ्याचा. पळता पळता मा मनोऱ्यात शिरतो, आतल्या दातेरी चाकांत मारामारी होते, आणि अखेर तो बाहेर घड्याळाच्या काट्याला लटकतो. हातांतला जोर संपत जातो. मग तो सुटतो. वाटेतली एक कापडी कनात फाडून, दुसरी फाडून, जमिनीवर आदळतो. हे पडणं चित्रपटात एकदा दाखवून थांबत नाहीत, वेगळ्या वेळी घेतलेलं दुसरं पडणंही दाखवतात. कथेच्या हिशोबाने याला अर्थ नाही, एक माणूस दोनदा कसा पडेल? पण प्रेक्षकाला सांगायचंय, 'बघा, खोटं काही नाही. बदली माणूस नाही, मध्ये कापलेलं नाही.'

घड्याळाला लटकलेला माणूस म्हटलं की सिनेमाच्या जाणकारांना हॅरॉल्ड लॉइड आठवतो. १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट' या मूकपटात तो असाच काट्याला लटकला होता. जॅकीने त्या जुन्या मूकपटांकडून उघडपणे घेतलंय. १९८७ च्या 'प्रोजेक्ट ए'च्या दुसऱ्या भागात एक अख्खी भिंत त्याच्यावर कोसळते आणि तो नेमक्या मोकळ्या जागेत उभा राहून वाचतो. ते बस्टर कीटनच्या १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मधल्या दृश्याला केलेलं वंदन आहे. योगायोग बघा, कीटनही लहानपणी आईवडिलांसोबत रंगमंचावर होता आणि खेळाचा मुख्य भाग म्हणजे बापाने पोराला इकडून तिकडे फेकणं. मुलांचं संरक्षण करणारे लोक त्यांच्या खेळावर नजर ठेवून असत. दोन खंड, दोन काळ, पण पडायला शिकलेली मुलं सारखीच.

कॅमेरा काय करतो

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. आजच्या मारामारीच्या दृश्यांत कॅमेरा हलतो, दर सेकंदाला दृश्य बदलतं, आणि कोण कुणाला मारतंय हे कळायच्या आत संपतं. कलाकाराला लढता येत नसलं तरी चालून जातं. 'प्रोजेक्ट ए'मध्ये कॅमेरा मागे सरकून उभा असतो. डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो. एका दमात पाच-सात हालचाली होतात, मग क्षणभर थांबणं, मग पुन्हा. हा थांबा महत्त्वाचा. ऑपेरात झांज वाजते आणि नट एका पवित्र्यात गोठतो, प्रेक्षक टाळी देतो. इथे झांज वाजत नाही, पण ठेका तोच आहे. तबलजीला सम सापडते तशी यांना जागा सापडते.

त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेत नसत, तो नंतर भरत. त्यामुळे सेटवर मोजणी करता येई, सूचना ओरडता येत, आणि हवा तसा ठोशांचा आवाज नंतर घालता येई. म्हणून ते 'ढिश्यूम' इतके ठसठशीत.

तिघांचे स्वभावही अंगातून दिसतात. युएन बियाओ सर्वांत हलका, त्याची उडी हवेत क्षणभर थांबल्यासारखी वाटते. सॅमो जड, पण जमिनीला धरून, त्याचा प्रत्येक ठोसा वजनाचा. जॅकी या दोघांच्या मधला, बेरकी, सतत काहीतरी जुळवणारा. सॅमो आणि जॅकी चहागृहात पाठीला पाठ लावून लढतात तेव्हा कोणी कुणाकडे बघतही नाही. बघायची गरजच नाही. समोरचा कुठे असेल हे लहानपणापासून माहीत आहे.

किंमत कुणी मोजली

आता अवघड भाग. हे सगळं बघून आपण टाळ्या वाजवतो, आणि मग एक वाक्य सहज तोंडातून निघतं, 'मार खाल्ला म्हणून तर घडले!' आपल्या घरांतही हे वाक्य चालतं. सरांनी हाणलं म्हणून गणित आलं, बाबांनी कानफटीत दिली म्हणून सुधारलो.

हे वाक्य तपासून घेतलं पाहिजे. आपल्याला दिसतात ते तिघे, फार तर सात-आठ. त्या शाळेत आणि तशा इतर शाळांत आणखी कितीतरी मुलं होती. त्यांनीही तीच पहाट पाहिली, तीच छडी खाल्ली. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. मार सगळ्यांना मिळाला, यश काहींना. मग यश माराने आलं असं कसं म्हणायचं? सराव, ताल, सोबत्यांवरचा भरवसा, चांगला कान, थोडं नशीब, यांचा वाटा कुठे गेला?

शिवाय जे यशस्वी झाले त्यांचाही हिशोब बघा. शाळेत अक्षरओळख जेमतेम. आपल्याला लिहिता-वाचता नीट येत नाही याची खंत चॅनने पुढे अनेकदा बोलून दाखवलीय. मनोऱ्यावरून पडताना त्याच्या मानेला दुखापत झाली. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात तो झाडावरून पडला, कवटी फुटली, जीव थोडक्यात वाचला, आणि एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं. दुखत नाही असं दाखवायला जो लहानपणी शिकला, तो मोठेपणी कुठे थांबायचं हे कधी शिकणार?

दुसरी बाजूही आहे, आणि ती त्यांनीच मांडलीय. १९८८ साली त्या शाळेवर 'पेंटेड फेसेस' नावाचा चित्रपट निघाला. त्यात गुरू यू जिम-युएन यांची भूमिका सॅमो हुंगने केली. ज्याने छडी खाल्ली त्यानेच हातात छडी घेतली. पण त्याने उभा केलेला गुरू राक्षस नाही. आपली विद्या आपल्या डोळ्यांदेखत मरतेय हे बघणारा, मुलांवर जीव असलेला आणि तो दाखवता न येणारा म्हातारा आहे. या भूमिकेसाठी सॅमोला हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. शिष्याने गुरूला माफ केलं का? मला वाटतं, त्याने गुरूला समजून घेतलं. समजून घेणं आणि समर्थन करणं यांत फरक आहे, आणि तो फरक आपणही जपायला हवा. सॅमोला आपल्या गुरूबद्दल प्रेम वाटलं, म्हणून कुठल्याही मुलाच्या अंगावर छडी उगारायला परवानगी मिळत नाही.

दोन उणिवा आणि एक जवळचा दुवा

चित्रपट निर्दोष नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे बायकांना यात जवळजवळ कामच नाही. नायकाच्या मागे धावणं आणि संकटात सापडणं, एवढंच. खरं तर त्याच शाळेतून युएन चिऊसारखी तालेवार स्त्री घडली होती. तिची ताकद जगाला दिसायला २००४ चा 'कुंग फू हसल' यावा लागला. त्यात तोंडात सिगारेट धरून अख्ख्या चाळीला धाकात ठेवणारी घरमालकीण तीच, आणि तिचा नवरा म्हणजे गुरुबंधू युएन वाह. दुसरी उणीव कथेची. बंदुकांच्या भानगडीत मध्ये दहा-पंधरा मिनिटं धागा हातातून सुटतो.

बेळगाव-हुबळीकडच्या वाचकांसाठी एक गंमत. २००५ च्या 'द मिथ' या चित्रपटासाठी जॅकी चॅन हंपीला आला होता. त्या दगडांतली त्याची पळापळ पडद्यावर बघता येते. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता.

'प्रोजेक्ट ए'नंतर तिघांनी एकत्र आणखी काही चित्रपट केले. १९८४ चा 'व्हील्स ऑन मील्स' त्यांतला फार लाडका. १९८८ च्या 'ड्रॅगन्स फॉरएव्हर'मध्ये तिघे अखेरचे एकत्र लढले. २०१६ मध्ये जॅकी चॅनला मानाचा ऑस्कर देण्यात आला. तसं शिक्षण देणाऱ्या शाळा आज नाहीत, आणि नसाव्यातच. म्हणजे तशी अंगं पुन्हा तयार होणार नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

राहिला तो चित्रपट. एका मरत चाललेल्या रंगभूमीचा विदूषक सिनेमात येऊन जगला, त्याचा हा जिवंत पुरावा. बघताना पोट धरून हसा, त्यासाठीच तो केलाय. शेवटी नावं येऊ लागली की मात्र उठू नका. चुकलेल्या उड्या तिथे आहेत. ज्यांना आपण पावणेदोन तास हसलो, त्यांना उचलून नेणारे हात तिथे दिसतात.